शुगर, पोटाचा घेर आणि ओव्हरीचा कॅन्सर: संबंध आहे, पण फॉरवर्डमधे सांगतात तसा नाही

"साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल" हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आलाच असेल, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की ज्या बायकांची शुगर आणि पोट वाढलेलं असतं त्यांना ओव्हरीचा म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर होतो. मी इंदूरात एका पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते. रिपोर्ट न्यायला आलेल्या बायका काउंटरवर हल्ली हेच विचारतात, कारण फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधे शुगर-कोलेस्ट्रॉलच्या जोडीला सीए-१२५ नावाची, ओव्हरीच्या कॅन्सरसाठी वापरतात ती रक्ताची एक टेस्ट घुसवलेली असते. मागे राजेंद्र नगरच्या एक काकू आल्या, चष्मा कपाळावर, रिपोर्ट हातात, त्यात एचबीए१सी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आणि सीए-१२५ चा आकडा ३८, दोन्ही जाड अक्षरात छापलेले. म्हणाल्या, "अगं, हे दोन्ही वाढलेत, म्हणजे याच्यामुळे ते झालं का?"

नाही झालं. पण या "नाही"च्या मागे बरंच काही आहे आणि ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मेटाबॉलिक हेल्थ म्हणजे नक्की काय

आपण खातो त्याचं शरीर काय करतं, किती जाळतं, किती साठवतं आणि कुठे साठवतं, हा सगळा कारभार म्हणजे मेटाबॉलिझम. तो कारभार नीट चाललाय का हे बघायला पाच गोष्टी बघतात: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, बीपी आणि उपाशीपोटीची शुगर. आपल्याकडच्या बायकांसाठी आकडे असे की घेर ८० सेंटीमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, शुगर १०० किंवा वर. पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, आणि टेप लावून बघाल तर चाळिशीपुढच्या आपल्यातल्या कितीतरी जणी याच्या वर निघतील, मी धरून. २०२३ मधे आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त डायबिटीसवाले आणि त्यांच्यावर १३ कोटींहून जास्त प्रीडायबिटीसवाले (शुगर वाढलेली, पण अजून डायबिटीस नाही) निघाले, म्हणजे काकूंचा ६.१ काही जगावेगळा नाहीये. पण "सगळ्यांचंच असतं" म्हणून सोडून द्यायचा पण नाहीये.

या सगळ्याचा कॅन्सरशी काय संबंध

इथे मधला माणूस म्हणजे इन्सुलिन. त्याचं काम फक्त साखर पेशींच्या आत ढकलायचं नाही, ते पेशींना "खाणं आहे, वाढा" असा निरोपही देतं. पोटात चरबी साठत गेली की स्नायू आणि लिव्हर हा निरोप ऐकेनासे होतात, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणायचं, आणि मग तेवढंच काम करून घ्यायला शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. आपल्या इंदूरची सकाळची कचरागाडी आठवा. रोज तेच गाणं, त्यामुळे निम्म्या गल्लीला ते ऐकूच येत नाही, लोक डबे घेऊन बाहेर येत नाहीत म्हणून ड्रायव्हर आवाज वाढवतो, आणि होतं काय की ज्यांच्यासाठी वाढवला ते ढिम्मच, पण शेजारच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठतं. शरीरात स्नायू बहिरे होतात पण ओव्हरीच्या पेशी, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी तशा बहिऱ्या होत नाहीत, त्यांना तो वाढवलेला आवाज पूर्णच्या पूर्ण ऐकू येतो. त्यात जास्त इन्सुलिनमुळे आयजीएफ-१ नावाचं वाढीचं द्रव्य रक्तात मोकळं होतं, लिव्हर हॉर्मोनांना बांधून ठेवणारं प्रोटीन कमी बनवतं म्हणून मोकळे हॉर्मोन वाढतात, पाळी गेल्यावरही चरबी स्वतःच इस्ट्रोजन बनवत राहते, आणि वाढलेल्या चरबीतून बारीक बारीक सूज आणणारी रसायनं सतत झिरपत असतात. यातलं एकही एकट्याने कॅन्सर करत नाही. पण एखादी पेशी आधीच बिघडलेली असेल तर तिला वातावरण बरं मिळतं.

पण ओव्हरीचा कॅन्सर हा एकच आजार नाहीये

फॉरवर्ड लिहिणारे इथेच गडबड करतात. बाहेरच्या आवरणापासून होणारा जो ओव्हरीचा कॅन्सर असतो, ज्यात दहातल्या नऊ केसेस येतात, त्याचे बरेच प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून चांगलेच वेगळे आहेत. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे हाय-ग्रेड सीरस, साधारण ७० टक्के, आणि गंमत अशी की तो बहुतेक वेळा ओव्हरीत सुरूच होत नाही, फॅलोपियन ट्यूबच्या टोकाला सुरू होतो आणि मग ओव्हरीवर येऊन बसतो. त्याच्या मुळाशी डीएनएमधली तोडफोड असते. २०१३ साली १५ अभ्यास एकत्र करून बघितलं तर वजनाचा आणि या प्रकाराचा संबंध दिसलाच नाही. संबंध दिसला तो एंडोमेट्रिऑइड, म्युसिनस आणि हळू वाढणाऱ्या सीरस प्रकारांशी, म्हणजे एकूणात कमी दिसणाऱ्या प्रकारांशी.

मग धोका वाढतो तरी किती

२०१२ मधे ४७ अभ्यास आणि ओव्हरीच्या कॅन्सरच्या २५ हजारांवर बायका एकत्र धरून हिशोब झाला होता. पाळी गेल्यावरच्या हॉर्मोनच्या गोळ्या ज्यांनी कधी घेतल्या नाहीत (आपल्याकडे बहुतेकींनी नाहीच घेतलेल्या), त्यांच्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ५ ने वाढला की धोका १० टक्क्यांनी वाढतो. पाच फूट एक इंचाच्या बाईला बीएमआय ५ ने वाढणं म्हणजे जवळजवळ १२ किलो. डायबिटीसचं पण असंच, थोडा वाढतो.

आता १० टक्के ऐकून लोक धसकतात. म्हणजे कसं ते बघा. समजा हजार बायकांत आठ जणींना आयुष्यात हा आजार व्हायचाय, तर १२ किलो वाढवल्यावर आठाच्या नऊही होत नाहीत. आणि बीआरसीए-१ हा जीन बिघडलेला असेल तर? हजारात ४०० च्या वर, वयाच्या ८० पर्यंत. बीआरसीए-२ बिघडलेला असेल तर १७० च्या आसपास. म्हणजे आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालाय का हा प्रश्न तुमच्या कमरेच्या टेपपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि आत्या मुद्दाम लिहिलं, कारण हा जीन वडिलांकडूनही येतो आणि आपल्याकडे बाईच्या आजाराची चौकशी फक्त आईच्या बाजूच्या बायकांपुरती करतात. ज्यांना ओव्हरीचा कॅन्सर झालेलाच आहे त्यांनी तर घरात कोणाला नसला तरी डॉक्टरांना बीआरसीएची टेस्ट विचारावी, त्यावर औषधही ठरतं.

वजनाचा जोरदार संबंध ज्या कॅन्सरशी आहे तो शेजारचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, तिथे तेवढंच वजन वाढलं की धोका दीडपट होतो. दोन्हीला "बायकांच्या पिशवीचा कॅन्सर" म्हणून एकाच खात्यात टाकतात आणि एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटवतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते त्या शेजारच्याचं लक्षण असू शकतं, "उष्णता झाली असेल" म्हणून महिनाभर थांबू नका.

"आमच्या नात्यात तर बारीक बाईला झाला"

होतोच. वर सांगितलं तसं बहुतेक केसेसचं मूळ वजनात नाहीये. आणि दुसरं म्हणजे बारीक दिसणं आणि आतून ठीक असणं या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या मेडिकल मासिकात आला होता, दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात, गोऱ्या लोकांसाठी ठरलेल्या २५ पर्यंत थांबत नाहीत, आणि म्हणूनच वजनकाट्यापेक्षा टेप बरी.

आजार झाल्यावर मात्र हिशोब बदलतो

माझ्या मते मेटाबॉलिक हेल्थचा खरा विषय इथे आहे, आणि याच्यावर फॉरवर्ड कोणीच पाठवत नाही.

पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा लोंबत असतो, त्याला ओमेंटम म्हणतात, तो बारीक बाईलाही असतो. ओव्हरीच्या कॅन्सरला पसरायला सगळ्यात आवडती जागा ती. का, हे २०११ मधे शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं: तिथल्या चरबीच्या पेशी रसायनं सोडून कॅन्सरच्या पेशींना बोलावून घेतात आणि मग आपली साठवलेली चरबी त्यांना इंधन म्हणून देऊन टाकतात. म्हणून ऑपरेशनमधे ओमेंटम काढूनच टाकतात. आणि लक्षात घ्या, इथे कॅन्सर साखर नाही, चरबी खातोय.

आता ट्रीटमेंट. छातीखालपासून ओटीपोटापर्यंत मोठा चीर, आणि आधी किंवा नंतर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची केमो, साधारण तीन तीन आठवड्यांनी, सहा वेळा. शुगर वाढलेली असेल तर टाके भरायला वेळ लागतो, इन्फेक्शन होतं, इन्फेक्शन झालं की केमो पुढे ढकलते. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी रिअॅक्शन होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने शुगर अजून चढते, त्या दोन-तीन दिवसांत घरचं ग्लुकोमीटर ३०० दाखवतं आणि घरच्यांना वाटतं काकूंनी चोरून जिलबी खाल्ली. खाल्लेली नसते हो! पॅक्लिटॅक्सेलने हातापायाला मुंग्या येतात, डायबिटीसने आधीच येत असतील तर त्या डबल. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती गाळते त्यावर ठरवतात, आणि किडनीवर डायबिटीस-बीपी दोघांचा डोळा. बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध लागलं तर त्याने बीपी चढतं. म्हणजे जी बाई शुगर-बीपी बऱ्यापैकी आटोक्यात ठेवून या रस्त्याला लागते तिची केमो वेळेवर आणि पूर्ण डोसने व्हायची शक्यता जास्त, आणि पूर्ण डोस मिळणं महत्त्वाचं आहे.

वजनदार बायकांच्या बाबतीत एक गोष्ट अजून व्हायची, की वजनाप्रमाणे डोस फार मोठा निघतो म्हणून डॉक्टर घाबरून तो कापायचे. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ मधे साफ सांगितलं की खऱ्या वजनावरच डोस द्या. तुमच्या घरी कोणाची केमो चालू असेल तर हा प्रश्न डॉक्टरांना बिनधास्त विचारा, त्यात त्यांचा अपमान नाही.

वजनाचा आकडा एकटा मात्र इथेही दुबळाच निघतो. २०१५ मधे १२ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला त्यात बीएमआय ५ ने जास्त असला तर मृत्यूचा धोका जेमतेम ३ टक्के जास्त दिसला. जास्त फरक पडतो तो स्नायूंनी. आणि स्नायू कमी होताना दिसत नाहीत, कारण वर चरबी असते, किंवा पोटात पाणी भरत असतं, काट्यावर वजन तेवढंच, पण बांगड्या कोपराकडे सरकायला लागलेल्या असतात आणि जमिनीवर बसलेलं माणूस हात टेकल्याशिवाय उठत नाही. हे दिसलं की डॉक्टरांना सांगा, "वजन तर तेवढंच आहे" यावर विसंबू नका.

मग साखर पूर्ण बंद केली तर कॅन्सर उपाशी मरेल ना?

नाही. मुळात हा समज १९२० च्या दशकातल्या वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या शोधातून आलाय. त्यांनी बघितलं की कॅन्सरच्या पेशी भरमसाट ग्लुकोज ओढतात, ते खरंच आहे, कॅन्सर कुठे कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन त्याच्यावरच चालतो. पण तुम्ही साखर खाल्ली नाही म्हणून रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही, लिव्हर ते स्वतः बनवतं, आणि खाणं फारच कमी झालं तर स्नायू तोडून बनवतं. म्हणजे उपाशी मरतात ते स्नायू. पोहे-सेव-जिलबीचा नाश्ता रोज नको, हे मान्य, पण ते कॅन्सर नसलेल्यांनाही लागू आहे, आणि "साखर बंद, गूळ चालतो" याला तर काही अर्थच नाही, इन्सुलिनला दोन्ही सारखेच. केमो चालू असताना ताटात काय जास्त हवं तर प्रोटीन: घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, पनीर, चालत असेल तर अंडी. तोंडाला चव नसताना चार घास गोड शिरा जात असेल आणि शुगरचं गणित डॉक्टरांनी बसवलेलं असेल तर जाऊ द्या, त्या दिवशी भांडू नका.

आणि चालणं. अमेरिकेत कनेटिकटमधे ओव्हरीच्या कॅन्सरमधून गेलेल्या १४४ बायकांवर एक प्रयोग झाला, सहा महिने, मुख्यतः झपाझप चालणं, आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य. चालणाऱ्या गटाची तब्येत आणि रोजची कामं करायची ताकद सुधारली. आयुष्य वाढलं असं त्यात कोणी म्हटलं नाही आणि मी पण म्हणत नाहीये. पण नेहरू पार्कला दोन चकरा मारून घरी येऊन स्वतःचा चहा स्वतः करता येणं ही त्या काळात लहान गोष्ट नसते.

पोट वाढतंय ते चरबीने का पाण्याने

भारतात २०२२ मधे या आजाराच्या सुमारे ४७ हजार नव्या केसेस झाल्याचा अंदाज आहे, बायकांमधे ब्रेस्ट आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर, आणि बहुतेक कळतात तेव्हा आजार पोटभर पसरलेला असतो. याचं एक कारण हेच की पोट वाढलं की आपण म्हणतो वजन वाढलं. सलवारची नाडी घट्ट व्हायला लागली, दोन पोळ्यांच्या जागी एकीतच पोट भरतं, फुगल्यासारखं वाटतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं: यातलं काही नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारा-पंधरा दिवस व्हायला लागलं, त्यातून वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर गॅसची गोळी नाही, सोनोग्राफी. चरबी वाढते तेव्हा ती दंडावर, मांड्यांवर, पाठीवर पण वाढते आणि भूक साबूत असते. फक्त पोट पुढे येतंय, भूक कमी झालीय आणि हात बारीक होतायत, हे चरबीचं लक्षण नाही.

आता काकूंचा सीए-१२५. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात, त्यांचा ३८. हा आकडा फायब्रॉइडने, एंडोमेट्रिओसिसने, लिव्हरच्या आजाराने, पोटाच्या टीबीने, कुणाला पाळीतसुद्धा वाढतो, आणि कॅन्सर सुरुवातीचा असेल तर कित्येकदा वाढतच नाही. ब्रिटनमधे दोन लाखांवर बायकांवर बघून झालंय, दरवर्षी ही टेस्ट किंवा सोनोग्राफी केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, निकाल २०२१ मधे आला. लक्षणं असतील तर टेस्ट कामाची, आजार झाल्यावर औषध लागू पडतंय का बघायला तर खूपच कामाची. पण धडधाकट बाईच्या पॅकेजमधे ती कशाला घालतात हे मला विचारू नका, मी त्याच धंद्यात आहे.

पीसीओडी असेल तर?

मुलींच्या आया हे फार विचारतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या "गाठी" म्हणजे न पिकलेले बीजांडाचे बारीक फुगे, ट्यूमर नाहीत, आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. पीसीओडीत पाळी महिनोन् महिने येत नसेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून पाळी आणवून घ्यावी लागते, आणि डायबिटीसकडे लक्ष ठेवावं लागतं. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी म्हणून झोप घालवायचं कारण नाही.

मेटफॉर्मिन किंवा ती वजनाची इंजेक्शनं घेतली तर?

मेटफॉर्मिन घेणाऱ्या डायबिटीसच्या रुग्णांत कॅन्सर कमी दिसतो असं खूप अभ्यास सांगायचे, त्यामुळे आशा होती. पण नुसतं बघणं वेगळं आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना गोळी, निम्म्यांना खोटी गोळी देऊन बघणं वेगळं. ब्रेस्ट कॅन्सरच्या साडेतीन हजारांवर बिनडायबिटीसच्या बायकांवर असं करून झालं, २०२२ मधे निकाल आला, फायदा शून्य. शुगरसाठी गोळी चालू असेल तर ती शुगरसाठी उत्तमच आहे, कॅन्सरसाठी म्हणून शेजारणीची मागून घेऊ नका.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं सध्या तसंच चाललंय. २०२४ मधे अमेरिकेतल्या लाखो डायबिटीस रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांपेक्षा ही इंजेक्शनं घेणाऱ्यांत लठ्ठपणाशी जोडलेले बरेच कॅन्सर कमी दिसले, त्यात ओव्हरीचा पण होता. मेटफॉर्मिनवाल्यांशी तुलना केली तर मात्र तो फायदा दिसला नाही. शिवाय ज्यांना इन्सुलिन लागतं ते मुळातच जास्त आजारी असतात, म्हणून हा आकडा घेऊन नाचण्यात अर्थ नाही. शुगर, वजन, हार्ट यांच्यासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या. केमो चालू असताना स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कारण भूक मारणं हेच त्याचं काम आहे आणि तेव्हा भूकच हवी असते. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर बेशुद्धीच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे हे आठवणीने सांगा, त्याने पोट हळू रिकामं होतं, आदल्या रात्रीपासून उपास करूनही आत अन्न राहू शकतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जायची भीती असते. फॉर्मवर "चालू औषधे" असा रकाना असतो त्यात लोक गोळ्या लिहितात आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन हमखास विसरतात.